बबनरावांच्या काळजाचा फोटो

रामराम मंडळी. मी वर्ध्याच्या बबनराव अडत्यांच्या काळजाचा फोटो बोलतोय. बसा जवळ, चार माणसांत मिरवायची मला सवयच आहे.

माझा जन्म शहाऐंशी साली मुंबईच्या एका दवाखान्यात झाला. बबनरावांच्या छातीत चमक निघायची. त्यांचं धोतर सोडवून पायजमा घालायला लावला, सरकत्या पट्ट्यावर दमेपर्यंत चालवलं, शिरेत थॅलियम नावाचं औषध टोचलं आणि यंत्राखाली निजवलं. काळजाला रक्त कुठवर पोचतं, ते माझ्यात उमटलं. सगळीकडे पोचत होतं.

डॉक्टर म्हणाले, "नॉर्मल आहे. पुढचं वर्ष-दोन वर्षं अटॅकची भीती फार कमी. पण तंबाखू सोडा." शेवटचं वाक्य बबनराव रेल्वेतच विसरले.

घरी मी सगळ्यांनाच गोड लागलो असं नाही. मुलगा हरिदास तोवर दुकानाच्या गादीवर ऐसपैस बसायला लागला होता. त्यानं मला उजेडात उलटंसुलटं पाहिलं. "बाबा, काहीच नाई निघालं?"

"नाई. सरक तिकडं."

मग मी दुकानाच्या खिडकीत लटकलो. गिऱ्हाईक आलं की आधी मी, मग तुरीचा भाव. वर्ष-दोन वर्षांची गोष्ट चहागणिक लांबत गेली. पोळ्यापर्यंत मी जन्मभराची हमी झालो होतो.

आंजी गावचे अण्णाजी हे बबनरावांचे जुने दोस्त, तुरीचेच व्यापारी. पुढच्या हंगामात एसटी स्टँडवरून बाजारापर्यंत चालताना त्यांची छाती आवळायला लागली. त्यांच्या बायको मनकर्णाबाई तपासून घ्या म्हणून मागं लागल्या होत्या.

आता बाजाराची रीत तुम्हाला ठाऊक असेल. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर तूर काढायची आणि त्यावर अख्ख्या गाडीचा भाव ठरवायचा. अण्णाजींनी तीच रीत काळजाला लावली.

"बबनराव, वय आपलं एक. तंबाखूची डबी एक. चहा एकाच गंजात उकळलेला. तुमचा नमुना साफ निघाला, त मी मुंबईले काऊन जाऊ?"

"बरोबर हाय," बबनराव म्हणाले. "एकाच शेतातला माल आपण."

दोघांनी समाधानानं तंबाखू मळली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

आज सकाळी अण्णाजींना आमच्या दुकानातच घाम फुटला; बबनराव तेव्हा लिलावाला गेले होते. मनकर्णाबाई सोबत होत्या, त्यांनी ऑटो थांबवला. अण्णाजींनी निघताना मला काखेत मारलं, डॉक्टरला दाखवायला.

इथल्या, वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला दिव्यासमोर धरलं. "छान आहे. कोणाचा?"

"बबनरावचा. पण माल एकच हाय, साहेब."

"मंग लगन बी त्याइच्यासंगंच कराचं होतं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले नाहीत. कार्डिओग्रामची पट्टी पाहिली आणि अण्णाजींना लगेच आत नेलं. दार अजून बंद आहे.

मंडळी, मी खोटा नाही. मी एका माणसाचं, त्या वेळचं खरं तेवढं सांगितलं. तेवढंच माझ्याकडून घ्या. तुमच्या छातीत दुखत असेल तर माझ्याकडे पाहू नका, आपली तपासून घ्या.

आत्ता बबनराव धापा टाकत आले. मनकर्णाबाईंनी मला मांडीवरून उचलून त्यांच्या हातात दिलं.

"भाऊजी, हा तुमचा. मले आतल्याची वाट पाह्याची हाय."

बाकावर आणखी चार माणसं बसली आहेत. बबनरावांनी मला उलटं करून धरलंय. कोणालाच दाखवत नाहीत.