भीमतालची खोली

दाक्षायणीला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्रेम झालं, आणि तेही माणसावर नाही, एका गावावर. हसू नका. माणसावर झालं असतं तर निदान चार नातेवाइकांना सांगता तरी आलं असतं.

आमच्या गावातल्या सात रस्ता चौकाजवळच्या एका शाळेत ती क्लार्क. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या बायकांबरोबर उत्तराखंडाच्या सहलीला गेली आणि भीमतालला तापाने आडवी झाली. बाकीच्या पुढे गेल्या. ही हंसादीदी नावाच्या एका विधवा बाईच्या लहानशा लॉजमध्ये राहिली. ताप दोन दिवसांत उतरला, पण दाक्षायणीबाईंनी फोनवर तो आणखी चार दिवस चढवून ठेवला.

कारण खिडकीखाली तळं होतं. आपल्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी. एवढं पाणी नुसतं पडून आहे आणि एकही बाई घागर घेऊन धावत नाही, हे बघून पहिल्या दिवशी तिला चक्क राग आला. दुसऱ्या दिवशी डोंगर, धुकं, ते गार हिरवं पाणी बघता बघता रडू आलं. तिसऱ्या दिवशी ती हंसादीदीच्या स्वयंपाकघरात अक्रोडाची चटणी कुटत बसली होती, शेंगदाणे मिळाले नाहीत म्हणून. हंसादीदी म्हणाली, माझे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. वरची खोली तुझी, माझ्याबरोबर लॉज बघ, राहा इथेच. दाक्षायणी नुसती हसली. पण आतून पार विरघळली.

निघताना दारात गाडी उभी. ती म्हणाली, "अच्छा दीदी, आती हूँ."

दुसरं काय म्हणणार हो? निघताना 'जाते' म्हटलं तर आपल्या घरातली थोरली माणसं फाडून खातात. तिने आपल्या 'येते'चं सरळ हिंदी केलं. हंसादीदीने मात्र एवढंच ऐकलं, की ही येणार.

महिन्याभराने फोन आला. खोलीला रंग दिलाय, कधी येतेस? घोटाळा लक्षात येताच दाक्षायणीने जीभ चावली. एका वाक्यात खुलासा झाला असता. पण कुठेतरी कुणीतरी आपली वाट बघतंय, हे सुख तिला आजवर मिळालंच नव्हतं. "दिवाळीनंतर," ती म्हणाली. मग उन्हाळ्यानंतर. मग परीक्षा झाल्यावर. अशी दोन वर्षं गेली, आणि दर खेपेला तिला स्वतःलाही ते खरं वाटायचं.

अडत होतं ते आप्पांपाशी. धुळाप्पा, तिचे वडील, ऐंशीला टेकलेले. घरात दोघंच. त्यांची भाकरी, गोळ्या, आंघोळीचं पाणी, सगळं हिच्यावर. त्यांना नुसतं विचारणंसुद्धा म्हाताऱ्याला घराबाहेर काढण्यासारखं वाटायचं. भीमतालचं नाव निघालं, की आप्पा पैलवानांचा आखाडा समजून म्हणायचे, "ही कसली तालीम म्हनायची?" आणि ती विषय सोडून द्यायची.

गेल्या सोमवारी हंसादीदीने निर्वाणीचं विचारलं. एक मास्तरीण दोन मुलांना घेऊन खोली मागतेय, तिला सहा महिने थोपवून धरलंय, तू आज काय ते सांग. शाळेच्या जिन्यात उभं राहून दाक्षायणीने अखेर खरं सांगून टाकलं. आमच्याकडे जाताना येतेच म्हणतात, दीदी. मी येणार असं म्हणालेच नव्हते.



"तो दो साल से क्या कह रही थीं?" हंसादीदीने विचारलं. आणि फोन ठेवून दिला.

तीन दिवस तिला जेवण जाईना. गुरुवारी दुपारी आप्पांनी ताटावरच विचारलं आणि तिचा बांध फुटला. तळं, खोली, हंसादीदी, सगळं सांगितलं.

"मग गेली का न्हाईस?"

"तुम्हाला टाकून कुठं जाऊ, आप्पा?"

आप्पांचा घास हातातच राहिला. "मला मैंदर्गीला जायचंय, पाच वर्सं झाली," ते म्हणाले. "अक्कम्मा एकटी हाय, सारखी बोलवतीया. शेवटचे दिवस भैनीजवळ काढावं वाटतंय. तुला एकटीला कसं टाकू, म्हनून हितं राहिलो की."

दाक्षायणी तशीच खरकट्या हाताने उठली आणि भीमतालला फोन लावला. पलीकडे पोरांचा दंगा ऐकू येत होता. मास्तरीण मंगळवारीच राहायला आली होती. आता तिला कसं उठवू, असं हंसादीदी म्हणाली, तेही अगदी मायेने. रागावली असती तर बरं झालं असतं.

ती परत येऊन बसली. काय झालं ते आप्पांना तोंडावरूनच कळलं. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "मग मी जाऊ का मैंदर्गीला?"

त्यांचे डोळे आशेने तिच्याकडे लागले होते. जा म्हणायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण आता तिच्याकडे या घराशिवाय आणि या म्हाताऱ्याशिवाय काहीच उरलं नव्हतं.

"नका जाऊ, आप्पा."

"बरं," आप्पा म्हणाले, आणि खाली बघून जेवू लागले.