सगळं नॉर्मल, तरी बाईंना हुडहुडी

मी थायरॉईडच्या तपासणीचा रिपोर्ट. माझ्या अंगावर दोनच आकडे, आणि दोन्हींपुढे ‘नॉर्मल’. लॅबमधल्या प्रिंटरमधून गरमागरम बाहेर पडलो, तेव्हा मला वाटलं, आपण ज्याच्या हाती पडू तो पेढ्यासारखा गोड हसेल.

मला न्यायला आलेल्या बाई पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायच्या. मुलं त्यांना ‘बदकबाई’ म्हणायची आणि त्याही खुशाल ओ द्यायच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचा थायरॉईड मंदावला होता. तेव्हापासून रोज उपाशीपोटी गोळी; एक दिवस चुकली नाही. तरी गेले पाच महिने अंगात त्राण नव्हतं. भर दुपारी पाण्यात उतरलं तरी हुडहुडी भरायची. आवाज घोगरा झाला होता, केस मुठीनं गळत होते. तलावाच्या व्यवस्थापकांनी सुचवलं होतं, की झेपत नसेल तर तिकीटखिडकीवर बसा.

बदकबाईंनी मला वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. काही सापडलं असतं, तर त्यावर इलाज तरी झाला असता.

घरी थोरल्या जाऊबाईंनी मला चष्म्याजवळ धरलं आणि निकाल दिला, की रिपोर्ट चांगला आहे, तेव्हा हा नुसता आळस. माझ्याच जोरावर बदकबाईंना आळशी ठरवलं होतं. कागदाला शरम वाटते, हे मला तेव्हा कळलं.

त्यांचे यजमान केस कापायचं दुकान चालवायचे. दिवसभर दुसऱ्यांचे केस झाडणारा हा माणूस बायकोच्या उशीवरचे केस पाहून कासावीस व्हायचा. बोलून दाखवण्याचा स्वभाव नव्हता. त्यांनी केसांसाठीच्या गोळ्यांची मोठी बाटली आणली होती, आणि रोज न्याहारीच्या ताटलीत एक गोळी आठवणीनं ठेवायचे.

आठवड्यानं दोघं मला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी मला वाचलं आणि सरळ टेबलावर पालथं घातलं.

“कागदाचं ऐकलं. आता तुम्ही सांगा,” त्या म्हणाल्या.

बदकबाईंनी सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. मग त्यांनी विचारलं, की या गोळीखेरीज आणखी काही घेता का, एखादं टॉनिक, पावडर? बदकबाईंनी नाही म्हणून मान हलवली. शेजारी यजमान खाकरले.

“केसांची एक गोळी असते. मीच देतो. पण ते औषध नाही हो, जीवनसत्त्व आहे.”

त्यांच्या फोनमध्ये बाटलीचा फोटो होता. डॉक्टरबाईंनी तो मोठा करून पाहिला. त्यात बायोटिन होतं, तेही भरपूर. त्यांनी समजावलं, की शरीरात इतकं बायोटिन असलं की तपासणीची काही यंत्रं फसतात. थायरॉईड मंदावला की टीएसएचचा आकडा वाढतो, पण अशा वेळी कागदावर तो नॉर्मल दिसतो. केसांची गोळी थांबवायची, थायरॉईडची तशीच चालू ठेवायची, आणि काही दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचं, असं ठरलं.

नवा रिपोर्ट आला. त्याच्यावरचा टीएसएचचा आकडा माझ्यावरच्या आकड्याच्या चौपट होता. वाईट बातमीवर इतकं खुललेलं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

“म्हणजे मी आळशी नव्हते,” बदकबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसत हसत सुटल्या.

यजमान खाली मान घालून बसले होते. मीच घोळ घातला, असं पुटपुटले. बदकबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, की ताटलीत ठेवायची सवय मोडू नका, फक्त गोळीऐवजी संत्र्याच्या फोडी ठेवा.

डॉक्टरबाईंनी थायरॉईडच्या गोळीची मात्रा वाढवली. दीड महिन्यानं पुन्हा तपासणी झाली. हळूहळू थंडी पळाली, आवाज मोकळा झाला. केसांनी मात्र सावकाश मनावर घेतलं. आता बदकबाई सकाळभर पाण्यात असतात, आणि त्यांच्या मोठ्या बायकांसाठीच्या नव्या वर्गात थोरल्या जाऊबाईंनी नाव घातलंय. त्या अजून काठ सोडायला तयार नाहीत.

मी डॉक्टरबाईंच्या खणात राहतो. बदकबाईंनीच मला त्यांना देऊन टाकलं. ‘सगळं नॉर्मल आहे, पण बरं वाटत नाही,’ असं कुणी म्हटलं की मला बाहेर काढतात. चुकूनही इतका मान मिळालेला कागद विरळाच. वाचकहो, मला जरूर वाचा, डॉक्टरांनाही दाखवा. घरातल्या साऱ्या बाटल्यांची नावंही त्यांना सांगा. आणि माझ्यावरचे आकडे वाचून झाले, की ज्याचं रक्त आहे त्यालाही एकदा विचारा, कसं वाटतंय.