चुलता

सात वर्षांच्या पोरीने पोलीस ठाण्यात सांगितलं होतं, "व्हॅनवाल्या काकांनी केलं." इतकं साधं बोलणं हवालदाराला कागदावर शोभेना. त्याने लिहिलं, 'शाळेची व्हॅन चालविणाऱ्या माझ्या चुलत्याने.' खाली आईने सही केली. त्या दिवशी वाचण्याचं भान कुणाला होतं?

तीन वर्षांनी खटला उभा राहिला आणि आरोपीच्या वकिलाने तोच शब्द पकडला. पोरीचा बाप एकुलता एक. चुलता आणणार कुठून? साक्षच खोटी म्हटल्यावर व्हॅनवाला सुटणार, सोमवारपासून पुन्हा पोरं पोचवणार.

हवालदार साक्षीत न्यायाधीशबाईंना म्हणाला, "काका म्हणजे चुलताच की, मॅडम. कागद कोर्टात जायचा, म्हणून शुद्ध लिहिलं."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या शहाण्याने भाषा सुधारली आणि सगळं मुसळ केरात!

मग पडद्याआड पोरीला बसवलं. प्रश्न न्यायाधीशबाईंमार्फत विचारायचे असा नियम होता, पण वकिलाच्या जिभेला कुठला नियम.

"चुलता म्हणजे कोण गं?"

"माहीत नाही. मी काका म्हटलं होतं."

"तुझ्या बाबांना भाऊच नाही! खोटं का बोलतेस?"

पोरगी म्हणाली, "नाही काका, मी खोटं नाही बोलत."

सरकारी वकीलबाई ताडकन उठल्या. "मॅडम, हे वकीलसाहेब हिचे चुलते लागतात का? नसतील, तर हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यावं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशबाई टंकलेखकाला म्हणाल्या, "जसंच्या तसं लिहा. एक अक्षर बदलू नका." वकील खाली बसला.

आईला हसू आलं नाही. खटला वाचला होता, हे तिला कळत होतं. पण 'काका' कुणाला म्हणतात हे शेंबडं पोरही सांगेल. एवढ्या मोठ्या शिकलेल्यांना ते पटवायला तिच्या लेकीला भर कोर्टात खोटारडी म्हणवून घ्यावं लागलं! तिला त्या सगळ्यांची चीड आली, स्वतःच्या सहीचीही.

बाहेर म्हातारा शिपाई पाण्याचा पेला घेऊन आला. "घे बाळ, घसा कोरडा पडला असेल."

पोरीने तोंड उघडलं, मध्येच थांबली आणि आईमागे सरकली.

"नको, साहेब," ती म्हणाली.