सीटखालचं खातं

जुनी गाडी विकायला काढलेला माणूस "अगदी नव्यासारखी ठेवलीय हो" म्हणाला, की माझं डोकं फिरतं. नव्यासारखी म्हणजे काय? नवीच हवी तर शोरूममध्ये जा ना! जुन्या गाड्यांची रास्त किंमत ठरवणं हा माझा धंदा. गाडी जुनी दिसावी, पण पिचलेली दिसू नये, एवढंच माझं म्हणणं असतं. तेवढंही कुणाला जमत नाही. जमलं होतं ते एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना, आणि त्यांच्याबद्दल सांगताना माझा आवाज अजून बदलतो असं आमच्या घरात म्हणतात. म्हणू देत.

बाईंनी गॅरेजचं शटर वर केलं आणि गाडीबद्दल चकार शब्द न काढता बाजूला झाल्या. सत्तरी उलटलेली, पण पाठ अशी ताठ की मीच सरळ उभा राहिलो. हातात पिवळं फडकं. मागे त्यांची लेक, डोक्यावर गॉगल चढवून, कंटाळून उभी.

आत ती होती. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, कापडी टपाची स्पोर्ट्‌स कार. रंग गडद हिरवा, आणि तो कारखान्यातून आलेलाच. दारांच्या कडांना हात टेकून टेकून जिथे विरला होता, तिथे कुणी वरून थापलेला नव्हता. अहाहा! माझ्या तोंडून निघालंच. किंमत ठरवणाऱ्याने असं करायचं नसतं, पण काय करणार?

मी गाडीला आधी हात लावत नाही. दार उघडायला लावतो आणि नाक आत घालतो. कुबट वास आला, तर पत्र्याला आतून गंज आहे हे समजायचं. इथे चामड्याचा वास आला, पेट्रोलचा आला, आणि मागून हलकासा लवंगेच्या तेलाचा. दवाखान्यातून थेट गाडीत बसायच्या ना बाई! मग दार लावून ऐकलं. एकच 'खट्', पुढे काही खडखड नाही. मग रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. आत पुट्टी भरलेली असली की ते तिथे चिकटत नाही. इथे नाकापासून शेपटापर्यंत चिकटत गेलं.

"पुट्टीचा कण नाही," मी म्हणालो.

"दातात भरते तेवढी पुरे," बाई म्हणाल्या.

लेक हसली नाही. "आई, अगं, किती सांगतील ते विचार ना. सामान बांधायचंय अजून."

घर विकलं होतं. बाई लेकीकडे राहायला चालल्या होत्या, चौथ्या मजल्यावर, तिथे गाडीला जागा नव्हती. घेणारे दोघं होते. एक जुन्या गाड्यांचा शौकीन. त्याचं म्हणणं साफ होतं: इंजिन गाडीबरोबर आलेलंच असेल, तर मूल्यमापकाने लिहिलेली किंमत देतो, आणि गाडी अशीच ठेवून चालवतो. दुसरा सुट्या भागांचा व्यापारी. त्याला काहीच विचारायचं नव्हतं. तो गाडी खोलणार, दारं एकाला, इंजिन दुसऱ्याला, चाकं तिसऱ्याला.

"पैशांचं मला काही नाही," बाई मला हळूच म्हणाल्या. "पण तिचे तुकडे नका होऊ देऊ हो."

आता हे काय माझ्या हातात असतं? पण मी मान डोलावली आणि बॉनेट उघडलं. तोंडात बोटं घालावीत असं इंजिन. जेवायला बसावं इतकं स्वच्छ. इंजिनावर ठोकलेला नंबर ठसठशीत होता. आता फक्त इंजिनाशेजारच्या पत्र्यावरची कारखान्याची पट्टी बघायची. कुठल्या गाडीत कुठलं इंजिन बसवलं, ते दोन्ही आकडे त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर असतात. दोन्ही जुळले की काम फत्ते.

पट्टी होती. आरशासारखी चकचकीत. मला तिच्यात माझं नाक दिसलं. आकडा मात्र एकही दिसला नाही.

"डॉक्टर," मी विचारलं, "ही पट्टी तुम्ही पुसायचात?"

"दर रविवारी. मी दात पॉलिश करते ना, तीच पेस्ट." बाई अभिमानाने म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून त्यांचा पडला. "का हो?"

मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर जीव लावून बाईंनी नंबरच घासून काढला होता! कागदपत्रं बघितली, तर गाडीचं मूळ नोंदणीपुस्तक नळ फुटला तेव्हा भिजून गेलेलं, आणि नवी प्रत देणाऱ्या कारकुनाने इंजिनाच्या रकान्यात आडवी रेघ मारून ठेवलेली. मला इतका राग आला की काय सांगू. कारकुनावर, नळावर, त्या पेस्टवर. बाईंवर कसा येणार? अशा हातांवर कुणी रागावतं का?

जे होतं ते मी सांगितलं. बाई फडक्याची घडी करत राहिल्या, उलगडली, परत केली.

"म्हणजे मीच," एवढंच म्हणाल्या.

लेकीने गॉगल काढला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

एक जागा उरली होती. या कारखान्याला एक खोड होती: काही वर्षं त्यांनी तेच दोन आकडे चालकाच्या सीटखालच्या लोखंडी पट्टीवरही ठोकले होते. ही त्या वर्षांतलीच. पण बहुतेक गाड्यांत तिथलं लोखंड गंजून जातं, आणि इथे तर निराळीच भीती.

"सीटखाली कोण साफ करायचं?"

"ते खातं यांच्याकडे," बाई म्हणाल्या. 'हे' म्हणजे त्यांचे यजमान, तीन वर्षांपूर्वी गेलेले. "तुझी कंबर दुखते, सीटखालचं मी बघतो, म्हणायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. तीच पेस्ट घेऊन बसायचे तासभर."

संपलं, मी मनात म्हटलं. तरी पाना मागितला. बाईंनी स्टीलचा ट्रे पुढे केला. त्यात पाने उतरत्या क्रमाने लावलेले, दवाखान्यात हत्यारं मांडतात तसे. मी बोल्ट काढले आणि सीट उचलली.

अरे देवा! उकिरडा होता खाली. टॉफीचे कागद, शेकड्यांनी, लाल, पिवळे, चंदेरी, बारीक चुरगळून कोंबलेले. वितळलेल्या टॉफ्या. सांडलेल्या ग्रीसचा बोटभर थर. पेस्टची ट्यूब, न उघडलेली.

"टॉफ्या?" बाईंचा आवाज चढला. "दातांच्या डॉक्टरच्या घरात? साखर बंद केली होती मी यांची!"

मी थर खरवडला, रॉकेलच्या फडक्याने पुसलं. ग्रीसखाली लोखंड कालच ओतल्यासारखं. आणि आकडे! कोरे करकरीत, एकाला ओरखडा नाही.

"इंजिनावरचा नंबर वाचा," मी लेकीला ओरडून सांगितलं.

ती बॉनेटमध्ये वाकून एकेक आकडा वाचत गेली, मी इकडे बोट ठेवत गेलो. शेवटचा आकडा जुळला आणि माझा जीव भांड्यात पडला. "तेच इंजिन," मी म्हणालो. "गाडीबरोबर आलेलं. शौकिनाला फोन करा."

लेक ओरडलीच. बाई मात्र सीटच्या रिकाम्या जागेपाशी खाली बसल्या. कंबर विसरून. एक लाल कागद उचलून त्यांनी सरळ केला.

"अरे लबाडा," त्या म्हणाल्या. "तासभर काय करत होतास रे तू इथे?" आणि हसता हसता रडायला लागल्या.

मी लिहिली ती किंमत ऐकून व्यापाऱ्याने नाक मुरडलं, शौकिनाने हो म्हटलं. रास्त होती. पट्टी पुसट असल्याचं मी त्यात लिहिलं, कमी केलं ते तेवढ्यापुरतंच. राखण्याची किंमत मात्र कशी लावायची, ते मला अजून कळलेलं नाही.

निघताना लेक केरसुणी आणि पिशवी घेऊन गाडीशी आली. "थांब आई, ती घाण तरी काढून देते."

"हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. "ते यांचं खातं आहे."