बाळंतिणीच्या खोलीतला कॉम्प्युटर

"ह्यो डोळा नको," मॉनिटरच्या डोक्यावर चिकटवलेल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवत नंदाबाई म्हणाली. "बाकीचं समदं बांधा. ह्यो तेवढा काढून ठिवा."

अतुलनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. लोणावळ्याच्या बाजारात त्याचं जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकायचं दुकान होतं. तिथे पोरांना घेऊन बाप यायचे, नवऱ्यांना घेऊन बायका यायच्या. पण रबरी चपला घातलेली, काखेत कापडी पिशवी धरलेली, एकटीच येऊन भाजी निवडावी तशी एकेक वस्तू निवडणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली होती.

"मावशी, कॅमेरा काही महाग नाही. घरून काम म्हटलं की मीटिंगा आल्या. चेहरा दाखवावा लागतो."

"बोलायचं कानाला लावायचं घेतलंय न्हवं? मग बोलंल लेक. दिसायचं काय काम? पोटुशी बाई कुनाकुनाला दाखवायची? दिष्ट लागती." मग तिला स्वतःचंच हसू आलं. "आन माझ्यासाठी म्हनत असाल, तर ती माझ्याच घरात असनार हाय. मला द्येवानं दोन डोळं दिल्यात की!"

अतुलनं कॅमेरा काढून काचेच्या कपाटात ठेवला.

लेक सारिका. एकुलती एक. तळेगावला, किरणला दिलेली. चिंचवडच्या एका ऑफिसात दवाखान्यांची बिलं कॉम्प्युटरवर भरायचं काम करायची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काय सांगायची गोष्ट आहे? नंदाबाईनं ते गृहीतच धरलं होतं. लोणावळ्याच्या वर, कुरवंड्याच्या घरात नवरा गेल्यापासून ती एकटी. रात्री भाकरी थापली तर तव्यावर एकच पडायची, आणि एका भाकरीसाठी चूल पेटवायचा तिला कंटाळा यायचा. आता लेक येणार, तीन-चार महिने राहणार, घरात बाळाचं रडणं ऐकू येणार. दिवाळीपासून ती याच एका गोष्टीवर जगत होती.

आणि मग सारिकाचा फोन आला होता. "आई, यायचंय गं मला. पण सुट्टी बिनपगारी आहे. साहेब म्हणतात घरून काम करा, पण कॉम्प्युटर तुमचा पाहिजे. इथे किरणचा आहे. तिथे आपल्याकडे काय आहे?"

"एवढंच व्हय?" नंदाबाई म्हणाली होती.

"एवढंच म्हणजे... हो, एवढंच."

त्या 'म्हणजे'पाशी सारिका जरा थांबली होती. दुसरी एखादी बाई असती तर तिनं खोदून विचारलं असतं, बाई गं, आणखी काय आहे? नंदाबाईनं विचारलं नाही. तिला विचारायचंच नव्हतं. घोडं कॉम्प्युटरवर अडलंय ना, मग कॉम्प्युटर आणू, झालं! तसं मनाशी ठरवून ती मोकळी झाली.

कॉम्प्युटर तिनं पाहिला नव्हता असं नाही. लोणावळ्यात मुंबईच्या लोकांचा एक बंगला ती सांभाळायची. ती माणसं वर्षातून चार वेळा यायची आणि आली की मांडीवर लॅपटॉप घेऊन, माना मोडून बसायची. बाकीचे दिवस नंदाबाई खोल्यांची दारं उघडायची, हवा खेळवायची, सोफ्यांवर चादरी घालून परत दारं लावायची. त्यामुळे अतुलनं आधी लॅपटॉप पुढे केला, तेव्हा तिनं मान हलवली.

"जुना आहे, पण कंपनीत वापरलेला. कुठेही घेऊन बसता येईल, मावशी."

"कुटंही घिऊन बसायचंच न्हाई तिला. मान आन पाठ दोन्ही जाती त्येच्यानं. मोटा पडदा द्या. टेबलावर ठिवायचा, म्हंजी ताठ बसंल."

मग अतुललाही हुरूप आला. बंद पडलेल्या एका ऑफिसातून आलेला कॉम्प्युटरचा डबा त्यानं उघडून दाखवला. आतली जुनी डिस्क काढून नवी एसएसडी घालून देतो म्हणाला, म्हणजे चालू व्हायला वेळ लागत नाही. मॉनिटर दोन दाखवले. मोठ्यावर कोपऱ्यात एक बारीक रेघ होती, म्हणून तो स्वस्तात. नंदाबाईनं रेघेवर बोट फिरवलं आणि लहान, पण बिनडागाचा घेतला. बाळंतिणीच्या पुढ्यात तडा गेलेली वस्तू नको. बिनतारेचा माउस तिनं बाजूला सारला. "वायर असू द्या. बांधलेली वस्तू हारवत न्हाई." कीबोर्डची बटणं मात्र तिनं सगळी दाबून पाहिली, कारण बाळ शेजारी निजलेलं असताना खडखड आवाज नको होता. सगळ्यात मऊ वाजणारा निवडला. अतुल म्हणाला, वरती वाऱ्याचे दिवस, लाईट जाते, यूपीएस घ्याच. तो तिनं लगेच घेतला.

"लय झालं का वो?" शेवटी तिनं विचारलं.

"नवा घेतला असता त्याच्या निम्म्यात बसवलंय, मावशी. घरी येऊन जोडूनही देतो."

मागची खोली तिनं शेणानं सारवून ठेवली होती. बाज नव्या नवारीनं विणून घेतली होती, बाजेखाली शेगडी ठेवली होती. जन्माआधी बाळासाठी काही आणायचं नसतं, ना टोपडं, ना पाळणा, हे ती कसोशीनं पाळत होती. पण कॉम्प्युटर थोडाच बाळासाठी होता! त्यामुळे आणायची, मांडायची, पुसायची जेवढी म्हणून हौस मनात होती ती सगळी तिनं त्यावर फेडून घेतली. बाजेसमोर टेबल, टेबलासमोर खुर्ची, खुर्चीवर गोधडीची घडी. अतुलनं सगळं जोडलं, नेटवाल्यानं वायर आणून दिली. चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, एवढं ती शिकली.

मग रोज संध्याकाळी बंगल्यावरून आली की ती तो चालू करायची. डब्यात घरघर व्हायची, पडदा उजळायचा, बाण यायचा. ती माउस धरून बाण इकडून तिकडे न्यायची. "चालतोय बाई," असं मोठ्यानं म्हणायची आणि बंद करायची. शेजारची चिंगी एकदा दारातून म्हणाली, "नंदाकाकी, कुनाशी बोलती गं?" तेव्हा ती ओशाळली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बोललीच.

डोहाळजेवण तळेगावला झालं. नंदाबाईनं लेकीला भरल्या ताटावर सगळी हकीकत सांगितली. मऊ वाजणारा कीबोर्ड, बिनडागाचा पडदा. सारिका ऐकत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. नंदाबाईला वाटलं, आनंदानं.

चार दिवसांनी फोन. "आई, बीपी वाढलंय. डॉक्टर म्हणतात, दवाखाना हाकेच्या अंतरावर पाहिजे. लोणावळ्यापर्यंत उतरायचं, मग पुढे... रात्रीबेरात्री काय करशील तू एकटी?" मग खालच्या आवाजात, "खरं सांगू? तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. किरण आणि सासूबाई पहिल्यापासून नको म्हणत होते. मला तुला नाही म्हणवेना, म्हणून मी कॉम्प्युटरचं सांगितलं. मला काय माहीत तू खरंच आणशील!"

नंदाबाईला राग आला, नाही कशाला म्हणायचं? असा राग आला की वाटलं, म्हणावं, तुझ्या निमित्तापायी मी आख्खा बाजार पालथा घातला गं. पण बीपी वाढलेल्या पोरीला काय बोलायचं?

"आसू दे," ती म्हणाली. "जिवापरीस काय हाय? तू जप."

मुलगी झाली. नंदाबाई डिंकाचे लाडू घेऊन तळेगावला गेली. दोन खोल्यांचं घर, एकीत बाळ-बाळंतीण, दुसरीत विहीण आणि जावई. विहीण निर्मलाबाई चांगल्या, आग्रहानं जेवू घातलं, "राहा हो," असंही म्हणाल्या. पण राहायचं कुठे, ते त्या घरालाच ठाऊक नव्हतं. बाळ मांडीवर घेतलं, त्याच्या जावळाचा वास घेतला, आणि संध्याकाळच्या गाडीनं नंदाबाई परतली.

घरी आल्यावर तिनं कॉम्प्युटर चालू केला नाही. पेटीतली जुनी साडी काढली आणि पडदा, डबा, कीबोर्ड सगळ्यावर पांघरली. बंगल्याची माणसं गेल्यावर सोफ्यांवर घालायची तशी. घालून झाल्यावर तिचं तिलाच कळलं आपण काय केलं ते, आणि मग बाजेच्या पायाशी बसून ती पोटभर रडली.

सकाळी ती कामावर न जाता सरळ बाजारात गेली. अतुल शटर वर करत होता.

"काय मावशी, काही बिघडलं का? सारिकाताई आल्या का?"

"न्हाई आली. नात झाली मला, तळेगावातच." तिनं काचेच्या कपाटाकडे पाहिलं. "तो डोळा हाय का अजून?"

अतुलच्या लक्षात आलं. त्यानं कॅमेरा काढला, पुसला, डब्यात घातला. "मावशी, मोबाइलवर पण दिसतं सगळं..."

"माझा बटनाचा हाय. आन आता येवढा पडदा आनलाय, तर बाळ मोटं दिसू दे की. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय!" एवढं बोलून तिनं डबा ओच्यात घेतला.

दुपारी अतुलनं येऊन कॅमेरा बसवून दिला, सारिकाशी बोलून सगळं लावून दिलं. कॉल आला की हिरव्या खुणेवर बाण न्यायचा, दाबायचं. तो गेल्यावर नंदाबाईनं तोंड धुतलं, धुवट पातळ नेसली, कुंकवाविना मोकळं कपाळ पदरानं पुसलं आणि खुर्चीत जाऊन बसली. कुणाकडे पाहुणी म्हणून जावं तशी.

हिरवी खूण आली. तिनं बाण नेऊन दाबलं. पडदाभर सारिका, आणि तिच्या खांद्याशी मुठी वळून झोपलेलं बाळ. नंदाबाई पुढे वाकली, इतकी की नाक पडद्याला लागलं.

"आई, अगं नुसतं कपाळ दिसतंय तुझं! मागे सर ना. बाळाला आजी दाखवायचीये."

ती खुर्चीसकट मागे सरकली.

"अजून मागे."

अजून सरकली. खुर्ची बाजेला आपटली आणि थांबली.

"अजून जरा, आई. चेहरा कापला जातोय."

मागे जागा नव्हती. नंदाबाई उठली, खुर्ची बाजूला केली, आणि नव्या नवारीच्या, अजून कुणी न निजलेल्या त्या बाजेच्या कडेवर बसली. पदर सारखा केला.

"हां," सारिका म्हणाली, "आता दिसतेस."