बंगळुरात दुरुस्त केलेला पाऊस

तेंबोळी बंदर बंगळूरपासून पावणेतीनशे मैलांवर. बंगळुरातल्या त्या सरकारी कचेरीत निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. तरीही राज्यांची फेररचना झाली, आणि किनाऱ्यावरच्या पावसाची दफ्तरं मुंबईहून उचलून इथल्या कपाटांत आणून कोंबली गेली. १९५९च्या ऑगस्टात उमाकांत पुण्याहून एम.एस्सी. होऊन आला तो या दफ्तरांपायीच. देशात मेट्रिक मापं आली होती आणि जुन्या इंचांचे मिलिमीटर करायचे होते. दहा वर्षांचा रोजचा पाऊस, गुणिले पंचवीस पूर्णांक चार. त्या तक्त्यावरून तेंबोळीच्या खाडीकाठी व्हायच्या सरकारी दवाखान्याचं जोतं तपासलं जाणार होतं. काम त्याला आवडलं. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी त्याला त्या रेघा दिसल्या.

तेंबोळीचा पाऊस तिथल्या मराठी शाळेच्या कौशल्याबाई मोजत. मोजायच्या काचेच्या ग्लासात अर्धाच इंच मावतो. पाऊस मोठा झाला की ग्लास पुन्हा पुन्हा भरून ओतावा लागतो. बाई दर ग्लासाला समासात एक रेघ ओढत, पाचवी आडवी. १९५७च्या जुलैतल्या एका तारखेला तेवीस रेघा होत्या. पुढे बाईंचं टपोरं अक्षर : ११.५०. शेजारी शेरा : ‘उधाणाची भरती. पाणी शाळेच्या तिसऱ्या पायरीला.’ आणि बाईंचं टिंब खोडून, एक घर अलीकडे, लाल पेन्सिलीचं जाड टिंब. १.१५.

त्याने पानं उलटली. नऊ वर्षांत एकेचाळीस ठिकाणी ते लाल टिंब.

“हे कुणी केलं?” त्याने शेजारच्या टेबलावर विचारलं.

तिथे हेडक्लार्क प्रतापराव बसत. त्यांचं घराणं तीनशे वर्षं बंगळुरात होतं, आणि हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. त्यांनी लाल पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं. ही त्यांची सवय होती. दुपारपर्यंत त्यांच्या खालच्या ओठावर लाल डाग धरलेला असे, आणि तो पाहिला की उमाकांतला डबा खाववत नसे.

“मीच केलं, अण्णा. स्वल्प विचार करा. एका दिवसात साडेअकरा इंच? आमच्या बंगळुरात वर्षाला पस्तीस पडतो. बाईमाणसाचं टिंब सरकलं असणार.”

“एकेचाळीस वेळा?”

“सवयच वाईट, त्याला काय करायचं?”

“पण ही दफ्तरं इथे आली छप्पन्नच्या शेवटी. त्याच्या आधीची पानंही तुम्ही...”

“मग? पुढचं एक आणि मागचं एक, बरं दिसतं का? सगळं सारखं केलं.” प्रतापराव समाधानाने हसले. दातही लाल होते.

उमाकांत रजिस्टर काखोटीला मारून साहेबांच्या खोलीत गेला. भीमाचार्य टापटिपीचे गृहस्थ. घरी मराठी बोलत, म्हणून उमाकांतशी आपुलकीने वागत. त्यांनी त्याला बसवलं, कॉफी मागवली, आणि रेघा शेवटपर्यंत मोजू दिल्या.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “मी दोन वर्षं किनाऱ्यावर होतो. तिथे असाच पडतो.”

उमाकांतला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “मग दुरुस्त करू या ना.”

“तीन वर्षांचे तक्ते माझ्या सहीने वर गेलेत. नकाशा मंजूर आहे, जोतं अडीच फूट. पुढच्या महिन्यात कोनशिला बसते आहे. कॉफी घ्या, निवते आहे.”

“साहेब, नकाशात दवाखान्याची जागा शाळेपेक्षा सखल आहे. आणि पाणी शाळेच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं. खाटांवरची माणसं...”

“पायरी हे काही माप नव्हे. शास्त्र तुम्ही शिकलात ना?” भीमाचार्यांनी रुमालाने मिशी टिपली. “आणि गेल्या वर्षीचं रजिस्टर बघा. एक दिवस दोन इंचांवर नाही, एक खाडाखोड नाही. बाई सुधारल्या.”

उमाकांतने ते रजिस्टर उघडलं. खरंच स्वच्छ होतं. समासात एकही रेघ नव्हती. कॉफीवर साय धरली होती. त्याने कप बाजूला सारला.

त्याने त्याच दिवशी बाईंना पत्र टाकलं : गेल्या साली पाऊस खरोखरच इतका कमी झाला काय? दहा दिवसांनी कार्ड आलं.

‘आपल्या कचेरीचा मेमो आल्यापासून मी आपणांस पटेल इतकाच पाऊस लिहिते. असे आकडे पुन्हा आल्यास बाईंना दशांश अपूर्णांक शिकवावे लागतील, असे त्यात होते. मी सातवीला दशांश शिकवते. ग्लास अजून मोजूनच ओतते, सवय आहे. टिपून ठेवत नाही. गेल्या श्रावणात अवसेला पाणी वर्गात आले, बाकांवर बाक चढवले. विचारणारे आपण पहिलेच.’

उमाकांतने नऊ वर्षांचा तक्ता रेघांवरून केला. दहाव्या वर्षाचा रकाना कोरा ठेवला आणि खाली लिहिलं : ‘या वर्षीचा पाऊस या कचेरीच्या मेमोमुळे नोंदला गेला नाही. जोतं किमान सहा फूट हवं.’ सही केली, कार्ड टाचलं, आणि भीमाचार्यांच्या टेबलावर ठेवलं.

भीमाचार्य रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी कार्ड सोडवून खणात टाकलं, तक्ता बिनसहीचा परत केला. “तुम्हाला रूपांतराला घेतलं होतं, संशोधनाला नव्हे. उद्यापासून आवक टपाल बघा. हे प्रतापराव करतील.”

दुसऱ्या दिवशी उमाकांत लखोटे फोडत होता. बारमाही दमट कपाटांचा कुबट वास आज त्याला सहन होत नव्हता. शेजारी प्रतापराव जीभ बाहेर काढून गुणाकार करत होते.

“अण्णा, एक पॉइंट पंधरा गुणिले पंचवीस पॉइंट चार. मला सव्वीस पॉइंट सात आलं. सरी ना? बरोबर ना?”

“एकोणतीस पॉइंट दोन,” उमाकांत म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आले.

“अरेरे.” प्रतापरावांनी पेन्सिल ओली केली आणि आकडा सुधारला. “बरं झालं विचारलं. तक्त्यात चूक राहिली असती.”

उमाकांत उठून बाहेरच्या नळावर गेला आणि चुळा भरत राहिला. तोंडाची चव जाईना. आत प्रतापराव मोठ्याने पुढचा आकडा वाचून दाखवत होते.