‘वार’चे पाचवे कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. एका अर्थाला एक कार्ड, आणि कार्डावर कोणाच्या तरी तोंडून प्रत्यक्ष ऐकलेले एक वाक्य. वाक्य नाही, तर अर्थही नाही.

‘वार’ हा शब्द कचेरीत कार्डे लिहिणाऱ्या कार्डकाकांकडे आला तेव्हा सगळ्यांना वाटले, दोन अक्षरे तर आहेत, आठवड्यात उरकतील. त्याला चार महिने होऊन गेले. सोमवार-मंगळवारातला, मूळचा ‘पाळी’ या अर्थाचा संस्कृत वार, ‘तपशीलवार’मधला फारसीतून आलेला, शस्त्राचा वार, कापड मोजायचा वार. या सगळ्यांच्या मुळांचा माग काढत त्यांनी अकरा ओळींचे टिपण लिहिले होते. आपल्या हातून एवढे बरे आजवर काही झाले नाही, असे त्यांना मनातल्या मनात वाटे, आणि वाटल्याबद्दल लगेच लाजही वाटे.

घोडे अडले होते पाचव्या कार्डाशी. ‘वार : प्रसूतीनंतर बाहेर पडणारा निरुपयोगी भाग,’ एवढे लिहून झाले होते. वाक्याची जागा कोरी होती. हे विचारायचे कोणाला, आणि कोणत्या तोंडाने?

“उद्या पान छपाईला जातंय,” संपादक म्हणाले. “वाक्य आणा, नाहीतर अर्थ गाळा. तुमच्यासाठी आठवडा थांबायचा नाही, काका.”

संध्याकाळी काका थोरल्या बहिणीकडे गेले. ताईने प्रसूतिगृहात चौतीस वर्षे सुईणीचे काम केले होते. ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. काकांनी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या, गुडघ्यांची चौकशी केली, मग पुन्हा हवेवर आले.

“पाऊण तास झाला,” ताई म्हणाली. “काय हवंय ते सांग, नाहीतर चादरीचं ते टोक धर.”

काकांनी टोक धरले आणि दुसऱ्या हाताने कार्ड पुढे केले. तिने चष्मा लावून वाचले.

“निरुपयोगी? कोणी लिहिलंय हे?”

“मीच.”

“तरीच. नऊ महिने मूल जगतं कशावर रे? तुझ्या कार्डावर?”

काका कानापर्यंत लाल झाले. ताईने उशीचा अभ्रा घेतला, पलंगावर पसरला आणि त्याच्या कडांवरून सावकाश बोट फिरवले. “मूल रडलं की सगळे मुलाकडे धावतात. आपण धावायचं नाही. आपण वारेची वाट बघायची. ओढायची नाही. पडली की ताटात अशी पसरायची, धुवायची, दोन्ही बाजूंनी बघायची. नखाएवढा तुकडा आत राहिला तरी बाईचं रक्त थांबत नाही.” तिने अभ्रा उलटा केला. “नव्या पोरींना मी एकच सांगायची, ‘वार पुरती पडल्याशिवाय बाळंतपण झालं म्हणू नका.’”

“किती बायकांचं बघितलंस असं?”

“मोजत कोण बसतंय? घाईत मात्र एकदाही बघितलं नाही.”

काका त्या बोटाकडेच बघत राहिले. शब्दांच्या कडा आपणही तपासतो, पण आपली नजर चुकली म्हणून कोणाच्या जिवावर बेतत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी ‘निरुपयोगी’ खोडले आणि ताईच्या तोंडून आले तसे सगळे उतरवून घेतले.

सकाळी संपादकांनी कार्ड दोनदा वाचले. “वाक्य पक्कं आहे. पण अर्थाच्या चार ओळी वाढल्यात, आणि पान तर जुळून तयार आहे. जरा आटोपशीर करा. ते धुणं, बघणं कशाला?”

काका संपादकांना कधी उलट बोलले नव्हते. त्यांनी पेन्सिल घेतली आणि आपल्या अकरा ओळींच्या टिपणातल्या चार ओळींवर रेघ मारली. त्यांतल्या दोन त्यांच्या फार आवडीच्या होत्या.

“अहो, हे तर तुमचं चार महिन्यांचं काम,” संपादक म्हणाले. “आणि या पाचव्याचं मूळ?”

“ठाऊक नाही. तसंच लिहू.”

“बरं. कार्डाच्या मागे सांगणाऱ्याचं नाव राहिलंय.”

काकांनी कार्ड उलटले, ताईचे पूर्ण नाव लिहिले, पुढे ‘सुईण, चौतीस वर्षे’ असे लिहिले आणि शाई वाळेपर्यंत ते हातातच धरून ठेवले.